काउंटर-स्ट्राइक २ : पाच जणांत मिळून एक लोडआउट (प्रकल्प नोंदी)

४ मे

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. काउंटर-स्ट्राइक २ हा पाच विरुद्ध पाच जणांचा बंदुकांचा गेम. टी बाजू बॉम्ब लावायला येते, सीटी बाजू तो लावायच्या जागा म्हणजे साइट राखते, आणि दर राउंडला हातातल्या पैशांत हत्यारं विकत घ्यायची असतात. तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि त्याबरोबर लोडआउटची, म्हणजे विकत घेता येतील अशी हत्यारं आधी निवडून लावण्याची, पद्धत बदलली. आता प्रत्येक बाजूसाठी सुरुवातीचं एक पिस्तूल, त्याखेरीज चार पिस्तुलं, मधल्या गटात पाच आणि रायफलींत पाच एवढ्याच जागा असतात. मधल्या गटात एसएमजी (जवळून मारायच्या हलक्या ऑटोमॅटिक बंदुका), शॉटगन आणि मशीनगन अशी सगळी मिळून अकरा हत्यारं जागेसाठी भांडत असतात. जे लावलं नाही ते आपल्या बाय मेन्यूत (खरेदीच्या यादीत) दिसत नाही.

आम्ही पाच जण ठरलेले. पाचही जणांचे लोडआउट आजवर गेमने दिले तसेच होते आणि खरेदीच्या वेळी ज्याला जे आवडतं ते तो घ्यायचा. आता कुठल्या पैशांत कुठलं हत्यार घ्यायचं हे एकदा नीट तपासून ठरवायचं आहे. 'बेस्ट गन' म्हणून ज्या याद्या फिरतात त्या एकट्या खेळाडूसाठी असतात. आम्हाला पाच जणांची यादी हवी आहे.

वहीत प्रत्येक राउंडचे रकाने आखले : हातात पैसे किती, घेतलं काय, राउंड संपल्यावर कुठली हत्यारं उरली, पुढच्या राउंडला पैसे किती. प्रत्येकाने किती मारले हाही रकाना सध्या ठेवला आहे.

६ मे

आज खेळलो नाही, फक्त आकडे मांडले. हे आधी केल्याशिवाय पुढची चर्चा नुसती आवडीनिवडीची होते.

टी बाजूची मुख्य रायफल एके-४७, किंमत २७०० डॉलर, मूळ नुकसान ३६. चिलखतावर त्यातलं ७७.५ टक्के उतरतं आणि डोक्याला चौपट. हिशेब केला तर हेल्मेट घातलेल्या डोक्यावर १११ च्या वर जातं आणि हेल्थ असते शंभर, म्हणजे एका गोळीत काम तमाम. अंतराने नुकसान थोडं घटतं, तरी नकाशांवर (गेममधल्या मैदानांवर) जिथे खरोखर लढाया होतात त्या जवळपास सगळ्या अंतरांवर हे खरं राहतं.

सीटी बाजूच्या एम४ए४ रायफलीचं मूळ नुकसान ३३ आणि चिलखतावर ७० टक्के. हेल्मेटवर ९२ च्या आसपास. समोरचा आठ हेल्थवर जिवंत राहतो. छातीत मारलं तर चिलखतवाल्याला एकेच्या चार गोळ्या पुरतात, एम४ए४ च्या पाच लागतात.

टी बाजूची स्वस्त रायफल गॅलिल, १८०० ला. तिचं मूळ नुकसान ३०, म्हणून हेल्मेटवर तीही एका गोळीत मारत नाही. डीगल हे पिस्तूल ७०० ला मिळतं आणि जवळून हेल्मेटसकट मारतं. सीटीचं पिस्तूल यूएसपी-एस बिनहेल्मेटच्या डोक्याला एका गोळीत पुरे, हेल्मेट असेल तर दोन लागतात. एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल ४७५०, पाय सोडून कुठेही लागली की खलास.

आता मिळकत. रायफलने मारलं की ३००, बहुतेक एसएमजींना ६००, बहुतेक शॉटगनना ९००, एडब्ल्यूपीला फक्त १००. हा शेवटचा आकडा आमच्यातल्या दोघांना ठाऊकच नव्हता.

९ मे

सरावाचा सर्व्हर लावला, गोळ्यांचे ठसे भिंतीवर दिसतील अशी सेटिंग केली आणि डस्ट २ या नकाशातल्या एका कोऱ्या भिंतीसमोर पाचही जण आळीपाळीने उभे राहिलो. एकाच जागी क्रॉसहेअर (नेमाची खूण) धरून, माउस न हलवता पूर्ण मॅगझिन रिकामी करायची. मग तेच माउस खाली ओढत.

एकेच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या जवळजवळ एकाच ठिकाणी बसतात, पुढच्या सरळ वर चढतात आणि तिथून ठसे आडवे पळायला लागतात. वर चढणाऱ्या भागावर सगळ्यांचा हात थोड्या सरावाने बसला. आडव्या भागावर आमच्यापैकी फक्त एकाचा बसतो. उरलेल्या चौघांचे ठसे तिथे भिंतभर विखुरले होते.

यावरून पहिला निर्णय घेतला. एके असो वा एम४, चौघांनी पहिल्या दहाएक गोळ्यांच्या पुढे ट्रिगर दाबून ठेवायचा नाही. थांबायचं, बाजूला सरकायचं, पुन्हा सुरू करायचं. पूर्ण स्प्रे, म्हणजे ट्रिगर दाबून अख्खी मॅगझिन मारणं, फक्त एकाने करायचा, आणि धूर (स्मोक ग्रेनेडचा) आरपार मारायची जागा त्याला द्यायची. स्प्रे शिकायच्या फक्त दोन, एके आणि एम४. गॅलिल, फॅमस, ऑग या बाकीच्या रायफलींसाठी वेगळा सराव करायचा नाही. सगळं थोडं थोडं शिकण्यात आमचे पूर्वी महिने गेलेत आणि त्यातून कुठलंच हत्यार हातात बसलेलं नाही.

जाता जाता एक तपासणी झाली. चालता चालता एके मारली की ठसे कुठेही जातात, मॅक-१० या एसएमजीचे त्या मानाने बरेच जवळ राहतात. त्यामुळे धावत आत घुसणाऱ्याला रायफल द्यायची की एसएमजी हा प्रश्न तो घुसताना थांबून मारतो का, यावर ठरतो. आमचा पहिला घुसणारा थांबत नाही. त्याला उलट दिशेची कळ दाबून थांबायचा सराव लावला आहे, पण तो बसेपर्यंत त्याच्या हातात काय द्यायचं हे वेगळं ठरवावं लागेल.

१३ मे

पहिली योजना मुद्दाम सर्वात सोपी ठेवली होती : ज्याला परवडेल त्याने परवडणारं सगळ्यात भारी हत्यार घ्यायचं. ती पडली. का पडली ते वहीत स्पष्ट दिसतं.

दोघांकडे एडब्ल्यूपी होत्या. एडब्ल्यूपी आणि पूर्ण चिलखत म्हणजे ५७५०. सलग हरत गेलं की मिळणारी रक्कम १४०० पासून पाचशे-पाचशेने वाढत ३४०० वर थांबते. म्हणजे एडब्ल्यूपीवाला मेला की सगळ्यात मोठ्या नुकसानभरपाईतही त्याला पुढच्या राउंडला ती परत घेता येत नाही. त्यात त्याच्या प्रत्येक बळीमागे १०० च येतात. तीन मारून राउंड हरला तरी त्याच्या खिशात ३०० ची भर. मग उरलेले तिघे त्याच्यासाठी हत्यार विकत घेऊन टाकतात, त्यांचे स्वतःचे ग्रेनेड कमी होतात आणि पुढच्या राउंडला धूर नसताना मोकळ्यातून जावं लागतं. इन्फर्नो नकाशावर बनाना नावाच्या वाटेने असं धुराशिवाय गेलो त्या प्रत्येक राउंडला पहिला माणूस वळणावरच पडला.

आणखी एक. नोव्हेंबर २०२२ पासून एडब्ल्यूपीच्या मॅगझिनमध्ये दहाच्या जागी पाचच गोळ्या येतात. दोन चुकल्या तर साइटवर येणाऱ्या पाच जणांपुढे तीन गोळ्या उरतात. एकट्याने साइट राखायला ती द्यायची नाही, शेजारी रायफलवाला हवाच.

निर्णय : एडब्ल्यूपी एकच. तीही तेव्हाच, जेव्हा ती घेऊन इतर चौघांच्या रायफली, चिलखत आणि निदान दोन धूर होतील. आमचा एडब्ल्यूपीवाला नाराज झाला. त्याचं म्हणणं असं की, "मी राउंड जिंकून देतो ते बघा ना." ते खरं आहे. पण ती त्याच्या हातात नसलेल्या राउंडला आमचं काय होतं, तेही वहीत आहे. शेवटी त्यानेच अट सुधारून दिली : राउंड हातातून गेला असं दिसलं की तो लढणार नाही, एडब्ल्यूपी वाचवून बसेल. हे आम्ही कबूल केलं आणि तेव्हापासून त्याला निम्म्या वेळा पुन्हा विकत घ्यावीच लागत नाही.

'किती मारले' हा रकाना आज खोडला. तो भांडणं लावतो आणि पुढच्या खरेदीबद्दल काही सांगत नाही.

१७ मे

या नोंदीवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला. विषय : पहिला पिस्तूल राउंड हरल्यावर दुसऱ्या राउंडला काय घ्यायचं.

सुरुवातीला प्रत्येकाकडे ८००. त्यातून ६५० चं केव्हलार (बिनहेल्मेटचं चिलखत) घेतलं की १५० उरतात. पिस्तूल राउंड हरल्यावर १९०० मिळतात. बळींचे पैसे बाजूला ठेवले तर हातात २०५०.

आमची सवय अशी की टी बाजूला या २०५० मध्ये १०५० ची मॅक-१० आणि १००० चं पूर्ण चिलखत घ्यायचं. आकडा अगदी बरोबर जुळतो, म्हणूनच मोह होतो. पण हा राउंडही हरला तर तिसऱ्याला फक्त २४०० मिळतात. त्यात एके येत नाही. गॅलिल येते, पण मग ६०० उरतात आणि केव्हलारला पन्नास कमी पडतात. म्हणजे तिसरा राउंड आपोआप गेला. चौथ्याला कुठे रायफली.

उलट दुसऱ्या राउंडला काहीच घेतलं नाही तर तिसऱ्याला २०५० अधिक २४००, म्हणजे ४४५०. एके २७००, पूर्ण चिलखत १०००, आणि ७५० चे ग्रेनेड. दुसऱ्या राउंडला ३०० चं पी२५० पिस्तूल घेतलं तरी तिसऱ्याला एके, चिलखत आणि एक मॉलोटोव्ह (आगीचा ग्रेनेड) बसतो.

आता एका बाजूला जेमतेम बारा राउंड असतात आणि तेरा राउंड जिंकले की सामना संपतो. फोर्स, म्हणजे पैसे कमी असूनही केलेली खरेदी, हरला तर बारापैकी पहिले तीन गेले आणि विरोधकांकडे डोंगराएवढे पैसे जमले. फोर्स जिंकला तर मात्र चित्र पालटतं : त्यांनी नुकत्याच घेतलेल्या एसएमजी आणि चिलखत जातं, आपल्याला जिंकल्याचे किमान ३२५० आणि मॅक-१० च्या प्रत्येक बळीचे ६०० मिळतात.

आम्ही दोन्ही पद्धती आळीपाळीने खेळून पाहिल्या. आमच्या हातात तरी फोर्स जिंकण्याचं प्रमाण इतकं कमी आहे की तो परवडत नाही. त्यामुळे ठरलं : पिस्तूल राउंड हरलो की दुसऱ्याला पी२५० किंवा काहीच नाही. एकच अपवाद, पिस्तूल राउंडमध्ये बॉम्ब लावला असेल आणि दोन-तीन बळीही मिळाले असतील तर हातात बरेच जास्त पैसे असतात, तेव्हा पाचही जण मिळून फोर्स. तिघे फोर्स आणि दोघे सेव्ह (पैसे वाचवणं) हा प्रकार पूर्ण बंद. तो सगळ्यात महाग पडतो, कारण त्यात आज हरतो आणि उद्याही सगळ्यांकडे सारखे पैसे नसतात.

२१ मे

पिस्तूल राउंड जिंकल्यावरची खरेदी. समोरच्यांकडे बहुधा चिलखत नसतं. इथे एसएमजीला तोड नाही. तीन बळी एकेने घेतले तर ९००, मॅक-१० ने घेतले तर १८००, आणि ती घ्यायला १६५० कमी लागतात. सीटी बाजूला १२५० ची एमपी९.

पाचही जणांनी एसएमजी घेतल्या तेव्हा डस्ट २ वर लाँग नावाच्या लांब वाटेवर अडकलो. कोपऱ्यापासून साइटपर्यंतचं अंतर मॅक-१० चं नाही. समोर एकजण ७०० चं डीगल घेऊन उभा होता, आपल्या गोळ्या त्याला खरचटत होत्या आणि त्याची एक आपल्याला पुरत होती. म्हणून लांब पल्ल्याच्या वाटा असलेल्या नकाशांवर दोन गॅलिल किंवा फॅमस आणि तीन एसएमजी, आणि एसएमजीवाल्यांनी लांबची वाट घ्यायचीच नाही. मिराज नकाशावर अपार्टमेंट्समधून बी साइटला जाताना मात्र पाचही एसएमजी चालतात.

पी९० मधल्या गटातून काढली. २३५० किंमत, आणि एसएमजी असूनही बळीचे ३०० च. त्या पैशांत गॅलिल आणि एक धूर येतो. पीपी-बिझनही काढली, चिलखतावर ती फारच लंगडी पडते.

२६ मे

एम४ए४ की एम४ए१-एस. पूर्वी दोनपैकी एकच लावता यायची, आता रायफलींच्या पाच जागांत दोन्ही बसतात. म्हणून आम्ही आधी दोन्ही लावल्या, आणि मग लक्षात आलं की त्यामुळे एक जागा खर्च होते.

एम४ए१-एस ला सायलेन्सर आहे, पल्ला लांब असला तरी ठसे आटोपशीर राहतात आणि धुरातून मारल्यावर गोळीची रेघ समोरच्याला दिसत नाही. किंमत २९००. मॅगझिन २० ची. एम४ए४ मध्ये ३० गोळ्या आणि वेग जास्त. तिची किंमत अपडेटमध्ये उतरली आहे, खरेदीआधी मेन्यूत बघून घ्या.

निर्णय एका राउंडच्या डेमोवरून (रेकॉर्डिंगवरून) झाला. इन्फर्नोची बी साइट, तिघे एकामागोमाग बनानातून आले. आमचा माणूस न्यू बॉक्समागून एम४ए१-एस ने सुरू झाला. पहिला पडला, दुसरा पडायला सहा गोळ्या गेल्या, तिसऱ्याच्या अंगात दोन बसल्या आणि मॅगझिन संपली. डेमो हळू करून पाहिला तर तिसरा चार हेल्थवर होता. तीस असत्या तर साइट वाचली असती. त्याच नकाशावर ए साइटला लांबून आर्च या कमानीकडे नजर ठेवणाऱ्याची मात्र गेल्या कितीतरी राउंडांत विसावी गोळी कधी वापरलीच गेली नव्हती.

म्हणून माणसागणिक : जिथे अनेक जण एकदम अंगावर येतात तिथे राखणाऱ्यांना एम४ए४, लांबचा कोन धरणाऱ्यांना आणि धुरातून मारणाऱ्याला एम४ए१-एस. प्रत्येकाने एकच लावायची, दुसरीची जागा मोकळी करायची.

समोरच्याची एके हातात आली तर दोन्ही एम४ टाकून ती घ्यायची, यावर कोणाचंच दुमत नाही. हेल्मेट असूनही एक गोळी पुरते हा फरक एवढा मोठा आहे.

२७ मे

सुरुवातीचं सीटी पिस्तूल : यूएसपी-एस, पाचही जणांचं. पी२००० मध्ये गोळ्या भरपूर असतात, पण पिस्तूल राउंडला डोक्यात बसणारी पहिली गोळी जास्त महत्त्वाची. यात आणखी वेळ घालवला नाही.

१ जून

हेल्मेटचा प्रयोग. सीटी बाजूला समोर सगळ्यांकडे एके आणि एडब्ल्यूपी असतील तर हेल्मेट डोकं वाचवत नाही. मग १००० ऐवजी ६५० चं केव्हलारच घेतलं तर ३५० वाचतात, त्यात एक धूर येतो किंवा थोडी भर घालून बॉम्ब निकामी करायचं ४०० चं डिफ्यूज किट. कागदावर अगदी बरोबर आहे आणि बरेच जण असंच खेळतात.

आम्ही सरसकट तसं सुरू केलं आणि दोन सामन्यांत फटका बसला. दोन्हीकडे विरोधक पैशांनी खालावले होते, हातात गॅलिल, मॅक-१० आणि टेक-९ होती. गॅलिल हेल्मेटवर एका गोळीत मारत नाही, बिनहेल्मेटच्या डोक्यात मात्र मारते. मॅक-१० चंही तेच. ३५० वाचवून आम्ही २९०० ची रायफल त्यांच्या पायाशी ठेवत होतो.

दुरुस्ती सोपी आहे पण शिस्त लागते. प्रत्येक राउंडआधी एकाने विरोधकांच्या पैशांचा अंदाज मोठ्याने सांगायचा : मागचे किती राउंड हरले, किती जण हत्यार घेऊन वाचले. "पूर्ण खरेदी" असं तो म्हणाला तरच केव्हलारवर भागवायचं. शंका असेल तर हेल्मेट. टी बाजूला हा प्रश्नच नाही. एम४ हेल्मेटवर एका गोळीत मारत नाही, म्हणून तिथे हेल्मेट नेहमी घ्यायचं.

हे काम ज्याच्याकडे दिलं आहे तो आमच्यात सगळ्यात शांत खेळणारा आहे. त्याचा नेम साधारण आहे. पण तो बोलायला लागल्यापासून आमची खरेदी सुधारली, हे वहीत उघड दिसतं.

५ जून

आज जे सापडलं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय.

लोडआउट प्रत्येकाचा वेगळा असतो, पण हत्यार कोणीही कोणासाठी विकत घेऊन टाकू शकतो. म्हणजे मधल्या गटातल्या पाच जागा प्रत्येकाने सारख्याच भरायची गरज नाही. पाच जणांच्या मिळून पंचवीस जागा आहेत. सगळ्यांकडे हवीत अशी हत्यारं तीन-चारच, उरलेल्या जागा वाटून घेता येतात.

वाटणी अशी झाली. टी बाजूला मॅक-१० आणि यूएमपी पाचही जणांकडे. एमपी७, एमपी५-एसडी या एसएमजी आणि एक्सएम१०१४, नोव्हा या शॉटगन प्रत्येकी एकदोघांकडे. नेगेव्ह ही मशीनगन एकाकडेच. ती पैसे ओसंडत असताना एखाद्या राउंडला धुरातून वाट अडवायला चालते. सीटी बाजूला एमपी९ सगळ्यांकडे, मॅग-७ ही शॉटगन दोघांकडे. रायफलींत टीकडे एसजी ५५३ एकाकडे. ती हेल्मेटवर एका गोळीत मारते आणि तिला दुर्बीण आहे, पण ३००० मोजून रोज घेण्यासारखी नाही. सीटीकडे ऑग दोघांकडे. एसएसजी ०८ ही स्वस्त स्नायपर रायफल चौघांकडे.

पिस्तुलांत सगळ्यांकडे डीगल, पी२५०, ड्युअल बेरेटा, आणि बाजूप्रमाणे टेक-९ किंवा फाइव्ह-सेव्हन. आर८ रिव्हॉल्व्हर आणि सीझेड कोणाकडेच नाही. दोघांनी सीझेडसाठी बरीच बाजू मांडली, पण चाचणीत ते हातात असताना कोणीही फाइव्ह-सेव्हनपेक्षा बरं खेळलं नाही.

१० जून

वाटून घेण्याच्या पद्धतीतली अडचण लगेच समोर आली. फ्रीझ टाइम (राउंडआधी जागेवरून हलता येत नाही ती वेळ) १५ सेकंदांचा, तो संपल्यावर २० सेकंदांत खरेदी बंद. "मला मॅग दे", "माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे", "तू कुठे आहेस" यात वेळ निघून गेला आणि न्यूक नकाशावर एका राउंडला रॅम्पची वाट राखणारा आमचा गडी नुसत्या यूएसपीवर उभा राहिला.

उपाय असा. मागणी राउंड संपत आला असतानाच करायची, नवीन सुरू झाल्यावर नाही. ज्याच्याकडे ते हत्यार आहे त्याने आधी ते घ्यायचं, टाकायचं, मगच स्वतःची खरेदी. चुकून भलतंच घेतलं तर खरेदीच्या वेळेत ते परत करून पैसे मिळवता येतात, घाबरून तसंच खेळायचं नाही. कोणाकडे काय आहे याचा कागद प्रत्येकाने स्क्रीनशेजारी लावला आहे. पाठ होईल असं वाटलं होतं, अजून झालेलं नाही.

१५ जून

एसएसजी ०८ वर तीन संध्याकाळी घालवल्या. १७०० ला, चालण्याचा वेग २३०, एडब्ल्यूपीचा २००. चिलखतवाल्याच्या छातीत लागली तर ७४ च्या आसपास जातं, डोक्यात लागली तर खलास. बळीचे ३००.

आमच्या एडब्ल्यूपीवाल्याला पैसे नसतील तेव्हा ही द्यायची असा विचार होता. तो एडब्ल्यूपीसारखाच कोन धरून उभा राहायचा, छातीत मारायचा आणि समोरचा त्याला संपवायचा. ज्याला ती चालली तो आमचा यूएसपी उत्तम खेळणारा गडी. तो डोक्याच्या उंचीवर क्रॉसहेअर ठेवूनच कोपरा पार करतो, एक मारतो आणि लगेच मागे सरतो. म्हणून कमी पैशांच्या राउंडला एसएसजी त्याला, एडब्ल्यूपीवाल्याला त्या राउंडला गॅलिल किंवा फॅमस. एडब्ल्यूपीवाल्याला हे पटायला वेळ लागला, आता तोच ती टाकून देतो.

मॅग-७ चं थोडक्यात : १३०० ला, एका बळीचे ९००, न्यूकच्या आतल्या दारांशी आणि मिराजच्या अपार्टमेंट्सच्या तोंडाशी समोरच्यांकडे पैसे नसताना दोनदा मारलं तरी पुढच्या राउंडच्या एम४ आणि केव्हलारचे निम्मे पैसे बाजूला पडतात. पण एकच जण, एकच जागा. त्याच्याशेजारी लांबचं बघणारा कोणीतरी हवा, नाहीतर ते दुरूनच त्याला टिपतात.

२१ जून

आजची स्थिती. टी बाजूची पूर्ण खरेदी : चार एके किंवा अट जुळली तर तीन एके आणि एक एडब्ल्यूपी, पहिल्या घुसणाऱ्याला एके. तो आता थांबून मारतो, म्हणून त्याची मॅक-१० काढून घेतली. पाचव्याकडे पैसे कमी पडले तर त्याला गॅलिल; त्याच्या ग्रेनेडचे पैसे इतरांनी द्यायचे नाहीत, तो धूर सोडून सगळं कमी करतो. सीटी बाजूला २६ मेच्या नोंदीप्रमाणे एम४, किट निदान दोघांकडे.

अजून सुटलेलं नाही ते असं. दुसरा राउंड एसएमजीने जिंकल्यावर तिसऱ्याला त्याच एसएमजींवर खेळायचं की रायफली घ्यायच्या. तिसऱ्याला विरोधकांकडे ४४५० ची खरेदी असते हे १७ मेच्या हिशेबातून कळतंच, आणि जिंकत आलेल्या संघाला हरल्यावर १४०० च मिळतात. एसएमजीवर राहिलो तर पैसे साठतात आणि चौथ्या, पाचव्या राउंडला एडब्ल्यूपीसकट पूर्ण खरेदी होते. डस्ट २ वर हे आम्हाला जमलेलं नाही, इन्फर्नोवर आणि मिराजवर जमतंय. पुढच्या आठवड्यात न्यूकवर फक्त हाच राउंड पुन्हा पुन्हा बघायचा आहे : सीटी बाजू, तीन एमपी९, दोन एम४, आणि एमपी९ वाल्यांनी बाहेरच्या मोकळ्या भागात पाऊल ठेवायचं नाही.